मामांचा जुना बोर्ड आणि सहा नवे लाइट

माझ्या सासऱ्यांचं सोनपेठला बी-बियाण्यांचं दुकान आहे. गावात मात्र त्यांची ओळख वेगळीच. जत्रेतल्या नाटकाला लाइट देणारे ते. मी त्यांना मामा म्हणते. त्यांच्याकडे बारा सरकत्या दांड्यांचा एक बोर्ड आहे. दांडी वर सरकवली की स्टेजवरचा हॅलोजन उजळतो, खाली आणली की हळूहळू मावळतो. कुठल्या वाक्याला कुठली दांडी, हे त्यांच्या बोटांना पाठ असतं.

गेल्या साली नाटक मंडळाने सहा एलईडी लाइट आणले. हॅलोजनखाली नट घामाने निथळायचे आणि जनरेटर धापा टाकायचा, म्हणून. सोबत एक छोटा रिमोट होता. तो दाबला की रंग आपोआप नाचायला लागायचे. मामांनी एकदाच दाबून पाहिला.

"नाटक हाय का वरात?" म्हणाले, आणि रिमोट कपाटात टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानामागच्या गोदामात त्यांनी एक नवा लाइट डिमरला जोडला. डिमर म्हणजे बोर्डाच्या हुकमाने वीज कमी-जास्त करणारी पेटी. दांडी अर्धी सरकवली, तर लाइट फडफडला, विझला आणि एकदम भक्कन पेटला. मामांनी मला हाक मारली. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला आहे. घरीच मिक्सर, पंखे दुरुस्त करते.

"पोरी, बघ बरं. ह्यो लाइट खराब निघाला का माझा बोर्ड म्हातारा झाला?"

"दोन्ही चांगले हायत, मामा. तुमी लाइटला उपाशी ठेवायलात."

मी त्यांना सांगितलं की हॅलोजनची वीज कमी केली की तो मंद होतो, पण एलईडीच्या पोटात स्वतःचं सर्किट असतं. त्याला वीज पुरी द्यायची आणि किती उजळायचं ते वेगळ्या वायरीतून कळवायचं.

"कोण कळवणार?"

"तुमचाच बोर्ड. तो डिमरला जो सिग्नल देतो, तोच पुढं लाइटांना द्यायचा."

मामांचा चेहराच खुलला. पण डिमरमधून सिग्नल पुढे नेणारा सॉकेट पाच पिनांचा आणि लाइटांचा तीन पिनांचा. मी मधली वायर बनवायला बसले. पहिल्यांदा जोडली तर काहीच होईना. पाहते तर घाईत दोन तारा उलटसुलट जोडल्या होत्या. त्या सोडवून पुन्हा सोल्डरिंगचे डाग दिले. मग लाइटांच्या मागच्या छोट्या पडद्यावर सातचा आकडा लावला, म्हणजे सातवी दांडी लाल, आठवी हिरवी आणि नववी निळी. आधीच्या सहा हॅलोजनच्याच राहिल्या.

मामांनी सातवी सरकवली. बियाण्यांची पोती, तराजू, भिंत, सगळं लालेलाल झालं.

"आलं की गं!" मामा ओरडलेच.

त्या आवाजाने आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पिठाच्या हातानेच धावत आल्या. मामांनी त्यांच्यावर हिरवा रंग सोडला. "अगं बया, मी मेथीची जुडी दिसायले का?" म्हणत त्या हसत सुटल्या. मग त्यांनीही दांड्या सरकवून पाहिल्या. तिन्ही वर नेल्यावर पांढरा उजेड पडतो, हे कळल्यावर तर त्या हलेचनात. पोळ्या त्या दिवशी उशिरा झाल्या.

अडचण तालमीत आली. नाटकात गोदावरीकाठी पहाट व्हायची होती. नवे लाइट अगदी अंधारातून वर येताना हिसका द्यायचे, हॅलोजनसारखे अलगद उमलायचे नाहीत. मामांनी हॅलोजनची दांडी हळूच वर-खाली करून पाहिली. मग म्हणाले, "सुरुवात जुन्यानं करू. तो जरा वर आला, की त्याच्या आडून नवे सोडायचे." ते जमलं. पण हॅलोजन, लाल, हिरवा, निळा एकाच वेळी सांभाळायला दोन हात पुरेनात.

"तू बस माझ्यापाशी. निळा आन् हिरवा तुझा."

"मी? मंडळातले लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील? लाइटवाले दोघं झाले म्हणतील."

जत्रेच्या संध्याकाळी मी त्यांच्या शेजारी बसले. पहाटेचा प्रवेश आला. मामांनी हॅलोजन अलगद वर घेतला आणि मान हलवली. मी निळा सोडला, मग चिमूटभर हिरवा. त्यांनी त्यात लाल मिसळला. पडद्यावरची नदी उजळत गेली. बायकांच्या बाजूने कुणीतरी "आगं, दिस उगवायलाय!" म्हणालं आणि टाळ्या पडल्या. स्टेजवरचा नट वाक्य थांबवून टाळ्या संपायची वाट बघत राहिला. मामा माझ्याकडे बघून लहान पोरासारखे हसले. मलाही हसू आवरेना. हात मात्र दांड्यांवरून काढला नाही.

महिन्याभराने बोरी गावच्या नाटक मंडळाने लाइटसाठी बोलावलं. आम्ही दोघं एसटीने निघालो, बोर्ड चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलेला. कंडक्टरने विचारलं, "भजनाला निघालात का? पेटी हाय वाटतं."

"न्हाई, नाटकाला. लाइट करतो आमी," मामा म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. "ही आन् मी."