जुन्या नावाची फाइल

धुळ्याच्या माझ्या भागीदाराने मला फसवलं. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या यार्डात मार मी खाल्ला आणि तो कॅमेऱ्याच्या खांबाला टेकून बघत राहिला. माझा डावा कान त्या दिवसापासून बंद आहे. फोन उजव्या कानाला लावतो आणि दर वेळी तो आठवतो.

शाळा अर्धवट सोडून मी विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं रिवाइंडिंग करायचो. तिथून कॉम्प्युटरवर आलो. शिकवायला कुणी नव्हतं. जळगावात मेहरूणच्या भाड्याच्या खोलीत बसून मी वजनकाट्याचा प्रोग्रॅम स्वतः लिहिला. कापसाने भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, वजन कॉम्प्युटरवर येतं. रिकामी होऊन पुन्हा चढते, दुसरं वजन येतं. दोन्हींतला फरक म्हणजे शेतकऱ्याचा कापूस. या एका आकड्यावरून आमच्याकडे डोकी फुटतात, म्हणून तो चुकू द्यायचा नाही, एवढंच माझं भांडवल होतं.

जळगाव-धुळे रस्त्यावर पारोळ्याजवळच्या एका जिनिंगला काट्यासोबत ट्रॉलीचा फोटो काढणारा कॅमेराही हवा होता. त्याचा प्रोग्रॅम भागीदाराचा. म्हणजे फुकट मिळणारा सोर्स कोड आणायचा आणि तिथल्या तिथे बिल्ड करायचा, त्यातून चालणारा प्रोग्रॅम बनवायचा. मालक कॅमेऱ्यासाठी वेगळा कॉम्प्युटर द्यायला तयार होते. भुसावळची पार्टी काम ओढून नेईल म्हणून मीच घासाघीस करताना म्हणालो, "कशाला दुसरा? एकावरच दोन्ही बसवून देतो." हे मी लपवत नाही.

अडचण लायब्ररीची होती. लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला कोडचा तुकडा. आपला प्रोग्रॅम तो नावाने शोधतो आणि वापरतो. केबलमधून येणारे आकडे वाचणारी एक लायब्ररी दोघांनाही लागायची, मला काट्यासाठी, त्याला ट्रॉली आल्याचं कॅमेऱ्याला कळवणाऱ्या फाटकाच्या सेन्सरसाठी. मला जुनी आवृत्ती चालायची, त्याला नवीच पाहिजे होती. जुनी आत्ताचा आकडा द्यायची. नवी आलेले आकडे रांगेत ठेवून सगळ्यात जुना आधी द्यायची. माझ्या प्रोग्रॅमला नवी मिळाली, तर ट्रॉली काट्यावर पुरती चढायच्या आधीचं, कमी वजन पावतीवर येणार.

मी त्याला बजावलं, "नवी वेगळ्या फोल्डरमध्ये बिल्ड कर आणि तुझ्या प्रोग्रॅमला तिचा पत्ता दे. जुनी आहे त्या सिस्टिमच्या फोल्डरला हात लावलास तर हात मोडीन."

"किती वेळा सांगशील भाऊ? बायकोसुद्धा एवढी मागे लागत नाही."

"केलं का?"

"केलं. वेगळी टाकली."

कापूस खरेदीच्या मुहूर्ताच्या सकाळी काट्याची पूजा झाली. कॉम्प्युटरलाही हळद-कुंकू लागलं, नारळ फुटला. कुठलाही बदल झाला की मशीन बंद करून चालू करायचं आणि पुन्हा वजन तपासायचं, हा माझा नियम. मी बटणाकडे हात नेला तर मालक, नाना, ओरडले, "पूजा झालेलं मशीन दिवसभर बंद करायचं नाही!"

भागीदार लगेच म्हणाला, "नानांचं ऐक ना भाऊ. चालू तर आहे."

मी हात मागे घेतला. सबंध आयुष्यात एवढ्या सहज मी कधीच माघार घेतली नसेल. माझा प्रोग्रॅम पहाटेपासून चालू होता आणि त्याने जुनी लायब्ररी तेव्हाच मेमरीत घेतलेली होती. खाली डिस्कवर काय बदललं, याचा त्याला पत्ता नव्हता. म्हणून पहिल्या ट्रॉल्या बिनचूक निघाल्या.

दुपारी लाइट गेली. यूपीएस थोडा वेळ कोकलला आणि मेला. लाइट आल्यावर सगळं पुन्हा सुरू झालं. पुढची ट्रॉली एरंडोलकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची, आबांची होती. आबांनी बाहेरच्या डिस्प्लेवरचे लाल आकडे पाहिले, मग हातातली पावती पाहिली आणि खिडकीच्या जाळीवर काठी हाणली.

"बाहेर अडतीस नि कागदवर एकतीस! मधला सात क्विंटल कोन खाय गया?"

मी बाहेर आलो. "आबा, थांबा, बघतो—"

"काय बघतस? मना डोया फुटेल शेतस का?"

कुणीतरी ओरडलं, "चोर शे हाऊ! धरा!" आणि माझी कॉलर फाटली. पाठीत लाथ बसली, तोंड सरकीच्या ढिगात गेलं. वर आलो तर एकाने ट्रॉलीची लोखंडी पिन कानावर मारली. कानातून गरम काहीतरी मानेवर उतरलं. मीही एकाचं बोट चावलं, दुसऱ्याच्या नाकावर डोकं आपटलं. पण ते चाळीस होते.

त्यांतले काही जण भागीदाराकडे वळले. त्याने दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "काट्याचा प्रोग्रॅम यांचा आहे. माझा फक्त कॅमेरा."

त्याला कुणी बोटही लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी डोक्याला पट्टी बांधून मी मशीन उघडलं. जुनी लायब्ररी पुसलेली होती. तिच्या जागी तिच्याच नावाची एक लिंक होती, नव्या फाइलकडे नेणारी. ती पूजेच्या आधी, त्याच्या लॉगिनमधून बनवलेली होती. लिंक नसती तर माझा प्रोग्रॅम सुरूच झाला नसता. काटा बंद पडला असता, शिव्या बसल्या असत्या, पण कुणाचा कापूस कमी भरला नसता. बंद पडू नये म्हणून त्याने नव्या फाइलला जुनं नाव दिलं, आणि मला चोर केलं.

मी तसाच बसने धुळ्याला गेलो. त्याच्या दुकानातला मॉनिटर उचलून भिंतीवर आपटला आणि त्याची गचांडी धरली.

"वेगळ्या फोल्डरला दोन तास लागले असते, भाऊ. मुहूर्त टळला असता."

"मग मला सांगायचं!"

"तू मारलं असतंस."

"मग आता काय करतोय?" मी म्हणालो आणि त्याच्या तोंडावर ठोसा मारला. त्याचा दात हलला, माझी बोटं सोलली. शेजारच्या दुकानदारांनी आम्हाला ओढून वेगळं केलं.

जुनी लायब्ररी मी परत बसवली. आबांना खऱ्या वजनाची पावती त्यांच्या घरी नेऊन दिली. त्यांनी घेतली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "सापडना म्हनीसन दिधं." म्हणजे, पकडला गेलास म्हणून दिलं. आजही कुठल्याही जिनिंगला गेलो तरी ट्रॉलीवरून कुणी ना कुणी विचारतं, पारोळ्याकडे मार खाल्ला तो तूच ना? मी लायब्ररी आणि लिंक समजावू लागलो की ते हसतात. चोर लांबण लावतो, असं त्यांना वाटतं.

म्हणून मला त्याच्याच तोंडून पाहिजे. येत्या मुहूर्ताला त्याने त्या काट्यावर आबांसमोर उभं राहावं आणि ती लिंक कुणी बनवली ते सांगावं. मी मारीन या भीतीने तू खोटं बोललास, समजलं. पण चाळीस जण मला तुडवत होते, मी खाली पडलो होतो, तेव्हा तुला माझी कसली भीती होती? तेव्हा त्या लिंकबद्दल का गप्प बसलास? उत्तर दे.