सावकाशराव आणि इस्त्रीच्या दुकानातली मुलगी

चौकाच्या कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे. त्याच्या मालकांना सगळे सावकाशराव म्हणतात. खरं नाव बिलावर छापलेलं आहे, पण बिलावरचं नाव वाचतो कोण! हे नाव पडलं त्यांच्याच तोंडामुळे. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, नाकावर ती जड तपासणीची फ्रेम चढवायची, एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची आणि विचारायचं, "आधीची बरी की आत्ताची? घाई नाही. सावकाश सांगा." माणूस गोंधळला की पुन्हा पहिल्यापासून. बाहेर बाकावर बसलेले जांभया देऊन देऊन दमतात, पण हे ढिम्म हलत नाहीत. एक मात्र मान्य करायला हवं, त्यांनी काढलेला नंबर सहसा चुकत नाही.

वय पंचावन्नच्या पुढे. लग्न केलेलं नाही. का केलं नाही, ते त्यांच्या थोरल्या बहिणीला विचारा. ती म्हणते, "स्थळं काय कमी आली? हा विचार करत बसला. याचा विचार होईपर्यंत त्या मुलींची मुलं शाळेत जायला लागली."

आता समोरचं दुकान. रस्ता ओलांडला की तिथे एक बाई चित्रं आणि फोटो मढवून देतात. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून फार पूर्वीच वेगळ्या झालेल्या, तोंडाने फटकळ, हाताने अतिशय नाजूक काम करणाऱ्या. हिऱ्याच्या कलमाने काचेवर एक रेघ ओढतात, बोटाने टक् करतात, आणि काच सुतासारखी सरळ तुटते. सावकाशराव रोज दुपारच्या चहाला तिथे जातात. नुसते गेले तर लोक काय म्हणतील म्हणून काखेत काहीतरी मढवायला घेऊन जातात. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, दुसरं काय! आधी दुकानाचा परवाना मढवला, मग अक्षरांचा तक्ता मढवला, मग कुठल्याशा जहाजाचं चित्र मढवलं. या माणसाने जन्मात जहाज पाहिलेलं नाही. दुकानाच्या भिंतीवर आता खिळा ठोकायला जागा उरली नाही, पण बाईंना कधी काही बोलले असतील तर शपथ.

आणि असं सगळं ठीक चाललं असताना एके दुपारी बाईंनी कप हातात धरूनच सांगितलं की दुसऱ्या गावी त्यांच्या भावाचा मोठा कारखाना आहे, तो कधीचा बोलावतोय, म्हणतो अर्धं काम तू सांभाळ. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "जाऊ का मी? तुम्हाला काय वाटतं?"

सावकाशराव म्हणाले, "घाई नाही. सावकाश ठरवा."

अरे देवा! असं म्हणायचं असतं का? पण म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं, कप खाली ठेवला आणि करवत उचलून लाकूड कापायला घेतलं. पुढे काही दिवसांनी कळलं की त्यांनी भावाला होकार दिला, दुकानाची जागाही दुसऱ्याला दिली. आता या रविवारी सामान जायचं होतं. सावकाशरावांना जेवण जाईना. आपण चुकीचं काय बोललो हेच त्यांना उमगत नव्हतं. ठरवणं त्यांचं होतं, आपण कसं त्यात बोट घालणार? असं स्वतःला समजावायचे, आणि समजूत काही पटायची नाही.

त्याच आठवड्यात भाची आली. बहिणीची धाकटी. दिवसा एका कंपनीत चित्रं काढते, आणि उरलेल्या वेळात तिने एकटीने एक खेळ तयार केला होता. खेळ म्हणजे मारामारी नव्हे. पडद्यावर चित्र येतं, खाली संवाद येतात, आपण वाचत जायचं, आणि मधूनमधून नायकाने काय बोलावं ते आपण निवडायचं. छोटीशी प्रेमकथा, एका बैठकीत संपणारी. नाव 'इस्त्री'. नायक कपडे टाकायला इस्त्रीच्या दुकानात जातो आणि काउंटरवरच्या मुलीच्या प्रेमात पडतो.

"मामा, सोमवारी मी हा सगळ्यांसाठी खुला करणार. त्याआधी तू खेळ आणि मला चांगलं काय, वाईट काय, दोन्ही सांग. गोड बोलायचं नाही."

"अगं, मी आयुष्यात कधी असला खेळ खेळलो नाही."

"म्हणूनच तर. माझे मित्र सगळे नुसते 'छान छान' म्हणतात."

सावकाशरावांना कुतूहल मुळात फार. काचेतून माणसाला काय दिसतं हे विचारण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला पडद्यावरची माणसं काय करतात ते बघायची ओढ लागणारच. दुपारी शटर अर्धं खाली ओढून बिलाच्या संगणकावर ते बसले. एकदा खेळले. पुन्हा खेळले, या वेळी मुद्दाम वेगळी उत्तरं देऊन. मग तिसऱ्यांदा अगदी उद्धट उत्तरं देऊन पाहिली, तर ती मुलगी रागावली, आणि यांना इतकं वाईट वाटलं की पडद्याकडे बघून "माफ करा हं" म्हणाले. बाहेर गिऱ्हाईक ताटकळत होतं. ताटकळू दे!

शनिवारी दुपारी भाची दुकानात येऊन त्याच तपासणीच्या खुर्चीत बसली. "बोल."

"आधी वाईट सांगू का?"

"सांग."

"अक्षरं. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं! चाळिशी लागलेल्या माणसांनी प्रेमकथा वाचायचीच नाही का? दुसरं, तुझा नायक. तिसऱ्या भेटीत म्हणतो, तुझ्याशिवाय जगू शकत नाही. शर्टाला बटणं किती ते अजून तिला माहीत नाही आणि हा जगायचं-मरायचं बोलतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! आणि बोलतो तेही सभेत भाषण दिल्यासारखं."

भाची हसली. "बरं. अजून?"

"दोन ठिकाणी तू तीन उत्तरं दिली आहेस, पण कुठलंही निवडलं तरी ती एकच वाक्य बोलते. मी सगळी करून पाहिली. असं करू नये. माणसाला विचारायचं आणि ऐकायचं नाही, हा अपमान आहे." एवढं बोलल्यावर सावकाशरावांचा आवाज चढला, कारण खरी ठेच पुढे होती. "आणि तो चष्मा! शेवटाकडे नायक तिचा चष्मा काढतो आणि ती एकदम सुंदर दिसायला लागते. का गं? इतका वेळ ती काय वाईट होती? चष्मा काढल्यावर तिला तो नायक धड दिसणार तरी आहे का? कुणाही दाढीवाल्याला हो म्हणून बसायची!"

भाची खुर्चीत वाकडी होईस्तोवर हसली. "काढते. तो प्रसंग काढून टाकते. आता चांगलं काही आहे की सगळं मुसळ केरात?"

"आहे ना. हात फार छान काढलेस तिचे. बाही घडी घालताना अंगठ्याने शिवण दाबते, ते अगदी काम करणाऱ्या माणसाचे हात आहेत. ती कमी बोलते पण नेमकं बोलते. खेळ लांबवला नाहीस हेही बरं. तासभर चालला असता तर मी त्या नायकाला हाकलून दिलं असतं." मग सावकाशरावांनी आपलं स्टूल पुढे ओढलं. "आणि एक जागा तर अशी आहे की बास. मला वाटतं सगळ्या खेळात ते सर्वांत चांगलं."

"कुठली?"

"अगदी शेवटची. ती सांगते, पुढच्या आठवड्यापासून मी इथे नसेन. विचारते, तुम्हाला काही सांगायचंय? आणि मग कुणीच काही बोलत नाही. संवाद नाही, उत्तरांची चौकट नाही. ती नुसती उभी. वर पंखा फिरतोय. मध्येच ती केसांची बट कानामागे घेते, दाराकडे बघते, परत याच्याकडे बघते. काय धीर आहे तुझा! एवढा वेळ काही न घडवता ठेवायचं म्हणजे खायचं काम नाही. मी तिन्ही वेळा पाहत बसलो. चहा गार झाला माझा. आणि शेवट असा अर्धवट ठेवलास तेही आवडलं."

भाचीचं हसू थांबलं. ती सरळ होऊन बसली.

"मामा, तो शेवट नाही."

"नाही?"

"काउंटरवर एक घंटी आहे, दिसली नाही? ती दाबायची असते. दाबली की तुझी उत्तरं येतात. बाकी सगळ्यांनी आल्या आल्या दाबली." तिने कपाळावर हात मारून घेतला. "तो चष्म्याचा प्रसंग म्हणालास ना? तो या जागेच्या आधी येतो, म्हणून तेवढा तुला दिसला. याच्यापुढचं तू काहीच पाहिलं नाहीस."

"मग ती जे करते... केस मागे घेते, दाराकडे बघते?"

"ते मी फक्त चित्र मेल्यासारखं वाटू नये म्हणून काढलं. त्याच तीन हालचाली फिरून फिरून येतात, कितीही वेळ चालतात. मामा, ती काही करत नाहीये. ती तुझ्या उत्तराची वाट बघतेय. तू बोलल्याशिवाय खेळ पुढे जातच नाही."

सावकाशराव काचांची पेटी उघडून बसले, एक काच उचलली, पुसली, पुन्हा होती तिथे ठेवली. भाचीला वाटलं मामाला लागलं. लागलंच होतं, पण ती समजत होती तिथे नव्हे.

"आणि बोललंच नाही कुणी तर?" त्यांनी विचारलं.

"तर काय, राहते उभी. संगणक बंद होईपर्यंत."

"हे चुकलं बघ तुझं." त्यांनी पेटी बंद केली. "अक्षरं वगैरे किरकोळ आहे गं. खरा दोष हा. अशी कुणी उभी राहत नाही. ती विचारते एकदा. माणूस तोंडात मूग गिळून बसला की ती जाते, सामान बांधायला घेते. आणि हा मूर्ख समजतो की आपण फार समजूतदारपणे गप्प बसलोय."

"मग मी काय करू?"

"थोडा वेळ थांबव तिला. मग जाऊ दे. रिकामा काउंटर दाखव, म्हणजे कळेल लोकांना."

भाचीने मामाकडे नीट पाहिलं. मग रस्त्यापलीकडे पाहिलं. समोरच्या दुकानाबाहेर लाकडी पट्ट्यांचे भारे बांधून ठेवलेले होते. पोरगी हुशार, आईवर गेलेली. "मामा," ती म्हणाली, "दुकान मी बघते. तू ऊठ."

सावकाशराव उठले. काखेत मढवायला काही घेतलं नाही. रस्ता ओलांडताना एका सायकलवाल्याने त्यांना शिवी घातली, ती त्यांना ऐकूही आली नाही.

बाई आत काचा कागदात गुंडाळत होत्या. त्यांनी मान वर केली. "आज लवकर? चहाची भांडी बांधली मी, चहा नाही."

"चहा नको. तुम्ही जाऊ नका."

बाईंचे हात थांबले. "काय म्हणालात?"

"जाऊ नका म्हणालो. तुम्ही विचारलं होतंत ना, मला काय वाटतं? मला वाटतं जाऊ नका. मला करमणार नाही." त्यांना धाप लागली होती. "तुमच्याशिवाय मी... म्हणजे, मी जगेन तसा, पण ते काही खरं नाही."

आता बाई प्रेमाने काहीतरी बोलतील असं तुम्हाला वाटत असेल. छे! त्या भडकल्या. अशा भडकल्या की शेजारचा चांभार बाहेर येऊन उभा राहिला.

"आता सांगता? आता? जागा दिली, भावाला शब्द दिला, उद्या गाडी येतेय दारात! त्या दिवशी विचारलं तेव्हा काय दातखीळ बसली होती? आठवडाभर मी रोज तुमच्या तोंडाकडे बघत होते. बोलतील, आज बोलतील. आणि तुम्ही काय आणलंत? आणखी एक जहाजाचं चित्र!" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते, हातात काच होती. "मी शब्द मोडणार नाही. मी जाणार."

"बरोबर आहे," सावकाशराव म्हणाले. त्यांचा चेहरा पार उतरला. बैल गेला आणि झोपा केला, हे त्यांना कळलं होतं. ते वळले.

"कुठे निघालात? माझं बोलणं संपलं नाही." बाईंनी काच टेबलावर ठेवली आणि पदराने डोळे पुसले. "त्या गावात चष्म्याचं एकही धड दुकान नाही. माझा भाऊ नंबर काढायला इतक्या लांब येतो. तुम्ही याल का तिकडे?"

सावकाशरावांचं दुकान वडिलांनी टाकलेलं होतं. त्या चौकाबाहेर ते कधी आठवडाभरसुद्धा राहिले नव्हते. बहीण काय म्हणेल, गिऱ्हाइकांचं काय, इतक्या उशिरा लोक हसतील का, हे सगळं त्यांच्या मनात यायचं होतं, आणि पुढे सावकाश आलंही. पण बाईंचं वाक्य पुरतं संपायच्या आत ते म्हणाले, "येतो."

दारातला चांभार मोठ्याने हसला. बाईही हसल्या, रडता रडताच, आणि त्यांना बसायला स्टूल पुढे केलं.