फोन नवऱ्याच्या खिशात

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं मले मीटिंगले बोलावलं. मी काटोलकडची, आठवी नापास. छातीच्या कॅन्सरचा इलाज नुकताच सरला होता, जिना चढतानाच दम लागला. नव्या औषधाचा अभ्यास होणार होता, अन् तो कसा करायचा हे पेशंटलेही विचारायचं होतं. पेशंट म्हणून मी एकटीच, मांडीवर लेक.

एक मोठे साहेब सांगून राहिले होते, "रोज दुपारी बाईला फोन करायचा, काय त्रास होतो ते लिहून घ्यायचं."

सगळ्यायनं माना डोलावल्या. पण मी गप राहिली असती तं बायायचा त्रास कागदावर आलाच नसता.

"साहेब, फोन उचलन कोण?"

"का? बाईच उचलेल."

"फोन तं नवऱ्याच्या खिशात, अन् दुपारी नवरा संत्रे घेऊन कळमन्याच्या बाजारात. तो सांगन, बरी हाय. मी उलट्या करून राहिली होती तवाबी माहा नवरा हेच सांगे."

डॉक्टरीणबाई हसल्या, "साहेब, तुमच्या बायकोची तब्येत विचारली तर तुम्हीपण तेच सांगाल!"

साहेबही हसले. "मग कसं करायचं, ताई?"

"गावच्या आशाताईले घरी पाठवा. तिच्याजवळ बाई बोलते."

त्यायनं माह्यासमोर ती ओळ खोडली अन् माहं म्हणणं लिहिलं.

खाली नवरा उभा होता. "काय झालं वं? थांब, तुह्या मायले फोन करून सांगतो."

"आण इकडं फोन," मी म्हणलं. "मीच सांगीन."