ऐकणाऱ्याच्या घरात

पाद्रीसाहेब कबरीपाशी म्हणाले, "याकोब मास्तरांनी जन्मभर प्रभूचा आवाज ऐकला, शेवटची हाकही ऐकली." मंडळीतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी लावला नाही. मी ओठ चावत उभी होते, कारण तोंड उघडलं असतं तर भलतंच काही बाहेर पडलं असतं. महिना उलटून गेला, तरी भेटायला येणारे तेच वाक्य घेऊन येतात आणि मी त्यांच्यापुढे चहा ठेवते. मास्तर माझे यजमान. सगळा गाव त्यांना मास्तर म्हणे, म्हणून मीही तेच म्हणू लागले. त्यांच्याविषयी चार चांगले शब्द लिही, असं पाद्रीसाहेबांनी मला सांगितलं आहे... लिहिते. पण मला राग आलेला आहे आणि तो मी लपवणार नाही.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी लग्न होऊन मी अलिबागच्या दक्षिणेला, समुद्राकाठच्या या घरात आले. मागच्या पडवीत फणसाचा एक पाट कायम मांडलेला असे. सकाळी तोंड धुतलं की मास्तर त्यावर बसत, हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. मागायचं काही नाही, नुसतं ऐकायचं. प्रभूची चालवणूक, म्हणजे त्याचं वाट दाखवणं, रोजच्या मीठभाकरीतसुद्धा असते, असं ते म्हणत. मग चहाच्या वेळी ज्याला जे ऐकू आलं ते त्यानं सांगायचं, असा घरचा रिवाज होता. मुलंही बसत. आमच्या धाकट्या दानीला एकदा प्रभूनं 'आज शाळेत जाऊ नकोस' म्हणून सांगितलं, तेव्हा मास्तर अगदी गंभीरपणे म्हणाले, "हा आवाज तुझाच दिसतो रे. आपल्या सोयीचं ऐकू आलं की आधी संशय घ्यावा." आम्ही पोट धरून हसलो. मी मात्र त्या पडवीत कधी बसले नाही. सगळ्यांनीच ऐकत बसायचं, तर चूल कोणी बघायची? माझी पाळी यायची तेव्हा मी भाकरी थापत असे, आणि पाळी पुढे जाई. तुला काय ऐकू आलं, असं मला त्या घरात कोणी कधी विचारलं नाही.

हे सगळं थोतांड होतं असंही म्हणता येत नाही, तीच तर पंचाईत. एका थंडीत मास्तर पाटावरून उठले ते सरळ माझ्या पेटीकडे गेले आणि भावानं मला दिलेली नवी घोंगडी काढून चालू लागले. मी म्हटलं, "अहो, कुठे?" म्हणाले, "कोळीवाड्यात. हिराबाईकडे जा असं सांगणं आलंय." मी दिवसभर भांडी आपटली. संध्याकाळी हिराबाई मासळीची पाटी घेऊन दारात आली. तिच्या पोराला रात्रभर हीव भरलं होतं. "आमी कोनाला बोललो बी न्हाय," ती म्हणाली. "तुमच्या देवाचा कान लय तिखट हाय, मास्तरीनबाय." असं एकदा नाही, कितीदा झालं. कोणाचं छप्पर गळतंय, कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही, हे मास्तरांना पाटावर बसून कळायचं. माणूस खरा होता, म्हणून तर इतका संताप होतो.

यंदा मे महिन्यात त्यांच्या छातीत कळा येऊ लागल्या. अलिबागचे डॉक्टर म्हणाले, मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात न्या आणि पावसाळ्यासाठी लाँच बंद व्हायच्या आत न्या. एकदा ती बंद झाली की खाडी ओलांडून मोटारीचे धक्के खात जायचं, ते या छातीला झेपणार नाही. मी त्याच दिवशी कपडे बांधले. मास्तर पाटावर बसले. उठले आणि म्हणाले, "अजून सांगणं नाही." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. शेवटची लाँच सुटायची त्या सकाळी मी रेवस बंदरापर्यंतचा टांगा दारात आणवला. हिराबाईचा नवरा त्यांना उचलून बसवायला आला होता. मास्तर पडवीतून हलेनात.

"अहो, चला आता," मी म्हटलं.

"अगं, हिराबाईकडे जा म्हटलं ते परक्यासाठी होतं, म्हणून खात्री पटली. मुंबईला जा असं आतून वाटतंय, पण हे माझ्या जिवासाठी आहे. जगावं असं कोणाला वाटत नाही? हा आवाज माझाच असायचा."

"आणि मी घसा फोडून सांगतेय, तो कोणाचा?"

ते हसले. फार मायेनं हसले. म्हणाले, "तू बायको आहेस. तू म्हणणारच."

टांगा रिकामा परत गेला. जुलैत, भाताची लावणी चालू असताना, मास्तर गेले.

पाद्रीसाहेब, तुम्ही शहाणे आहात, तुम्हीच सांगा. कोळणीच्या पोराचं हीव ज्या देवाला ठाऊक, त्याला मास्तरांची छाती दिसली नसेल? दिसली असणार. मग तो बोलला असणार. आणि बोलायला त्याला जवळचं तोंड कोणतं होतं? पडवी आणि चूल यांच्यात एक कुडाची भिंत. त्या भिंतीआडून मी रोज ओरडत होते, चला, मुंबईला चला. देवाचा आवाज वाऱ्यात ऐकायचा, मौनात ऐकायचा, परक्याच्या दुःखात ऐकायचा, फक्त घरच्या बाईच्या तोंडून आला तर तो तिचाच. हे मास्तरांना कोणी शिकवलं? देवानं शिकवलं नाही, एवढं मला नक्की कळतं.

पाट अजून तिथंच आहे. त्यांच्या बसण्यानं मधोमध गुळगुळीत झालाय. परवा दानी म्हणाला, "आई, उचलून आत ठेवू का?" मी नको म्हटलं. आता सकाळी चुलीवर दूध ठेवते आणि मी त्या पाटावर जाऊन बसते. उतू गेलं तर जाऊ दे. डोळे मिटत नाही, हातही जोडत नाही. मी ऐकायला बसत नाही, बोलायला बसते. मनात जे जे आहे ते सगळं, जोरात, शेजारी ऐकतील इतक्या जोरात. या घरानं देवाचं पुष्कळ ऐकलं... आता त्यानं माझं ऐकावं.