दाराची उजवी फळी

गौरीचा फोन आला तेव्हा मी मलिहाबादला एका बागेत दशहरीची पेटी बांधून घेत होतो. मधू रेडकरसाठीच होती ती. तीस वर्षं लखनौत काढली तरी हापूस सोडून दुसऱ्या कशाला आंबा म्हणणं त्याला पटलं नव्हतं. त्याच मधूने चार दिवसांपूर्वी हॉस्पिटलच्या खाटेवरून मला सांगितलं होतं, "जोश्या, तुझो तो साखरपाण्याचो आंबो आण एखादो. खाऊन बघतो." मला वाटलं, चला, याला चव लागायला लागली, आता उतार पडेल. माणूस किती मूर्खासारखी आशा धरतो... गौरी, त्याची मुलगी, एवढंच म्हणाली, "काका, पापा चले गए." बागवाला विचारत होता, "एक पेटी कि दो, साहब?" मी "दो" म्हणालो. का म्हणालो, मला आजही सांगता येणार नाही. त्या दोन्ही पेट्या गाडीच्या डिकीत सडल्या. वास यायला लागला तेव्हा त्या टाकल्या, आणि गाडी धुऊनही तो वास गेला नाही.

याला आता सहा आठवडे झाले. मित्राविषयी लिहा, असं पुरवणीवाल्यांनी सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो. लिहायला बसलो आणि तीन पानं फाडून टाकली. मधू प्रामाणिक होता, मदतीला धावणारा होता, हे सगळं खरं आहे आणि त्याला ओळखणाऱ्या कुणीही ते लिहिलं असतं. मला जे लिहायचं आहे ते माझ्याशिवाय कुणी लिहू शकणार नाही, आणि ते लिहिल्याशिवाय मला झोप येणार नाही.

आम्ही एकाच संशोधन संस्थेत होतो. मी वनस्पतिशास्त्राचा, मूळचा साताऱ्याचा; मधू वेंगुर्ल्याचा, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप सांभाळायचा. परागकणांचे नमुने घेऊन मी त्याच्या खोलीत जायचो आणि तासन् तास खोळंबायचो, कारण कण चौकटीच्या अगदी मधोमध आल्याशिवाय हा गृहस्थ बटण दाबायचा नाही. "अरे दिसतोय की, घे ना," मी करवादायचो. तो ऐकायचा नाही. खोलीबाहेर बाकी सगळे ताटकळत आणि हा केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे. आमची मैत्री अशी भांडणातूनच झाली. संस्थेत आम्ही दोघंच मराठी, त्यामुळे मराठीत शिव्या द्यायलाही दुसरं कुणी नव्हतं.

दर नोव्हेंबरात मधू पंधरा दिवस वेंगुर्ल्याला जायचा. माणसं गावी देवदर्शनाला जातात, नातेवाइकांना भेटतात. हा फोटो काढायला जायचा, आणि तेही कशाचे, तर मोडक्या वस्तूंचे. डच वखारीच्या ढासळत्या भिंती, बंदरावरच्या गोदामाचं खाऱ्या वाऱ्याने खाल्लेलं दार, वाळूत रुतलेला गलबताचा गंजका नांगर, काजूच्या बंद पडलेल्या कारखान्याची चिमणी, उलटी टाकलेली एक होडी. दर वर्षी त्याच वस्तू, त्याच जागेवर उभं राहून. कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही असा त्याचा नियम होता. दारावर वेल चढला असेल तर वेलासकट, होडीत कुणी कचरा टाकला असेल तर कचऱ्यासकट. मी एकदा म्हटलं, "पडझडच हवी तर लखनौत काय कमी आहे? जुन्या चौक भागात चल, गल्लीगल्लीत पडक्या हवेल्या आहेत." तो म्हणाला, "इथलं पडलं तर हळहळणारे इथे आहेत. आमच्या गोदामाकडे कोण बघतंय?" मी विषय बदलला.

परत आला की त्यानंतरच्या रविवारी इंदिरानगरच्या त्याच्या घरी टीव्हीला लॅपटॉप जोडून ते फोटो बघण्याचा कार्यक्रम. प्रेक्षक दोन, मी आणि सुनंदावहिनी. खरं सांगायचं तर फोटो अतिशय कंटाळवाणे असत. दार मधोमध, नांगर मधोमध, होडी मधोमध. मायक्रोस्कोपची सवय तो समुद्रावरही घेऊन गेला होता. "पासपोर्टचे फोटो काढतोस तू, मधू. दाराला पासपोर्ट काढून परदेशी पाठवणार आहेस का?" असं मी वीस वर्षं तरी म्हणत आलो. मला फोटोग्राफीतलं कळतं असा माझा समज होता. चार पुस्तकं चाळलेली, दोन प्रदर्शनं पाहिलेली, तेवढ्या भांडवलावर मी त्याला व्याख्यानं द्यायचो. सगळं दाखवू नकोस, काहीतरी सोड, बघणाऱ्याला शोधू दे. तो हसायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा दार मधोमध.

गेल्या नोव्हेंबरात तो परत आला आणि पहिल्याच फोटोला मी खुर्चीत सरळ झालो. गोदामाच्या दाराची फक्त उजवी फळी. डावी फळी चौकटीबाहेर. उजवीकडे मोकळी भिंत, तिच्यावर मिठाचे पांढरे ओघळ. नंतर नांगर, त्याचा एकच दात. मग होडीचं फक्त मागचं टोक आणि पलीकडे लांबच लांब वाळू. एकामागून एक असे पस्तीस-चाळीस फोटो. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या. हे वाक्य लिहिताना माझा हात थांबतोय, पण ते तसंच झालं. मी टाळ्या वाजवल्या.

"शेवटी ऐकलंस तर माझं," मी म्हणालो. "काय सोडायचं ते कळलं तुला."

"काय सोडलंय?"

"अरे, दाराची डावी फळी कुठे आहे?"

त्याने टीव्हीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग जरा चिडून मालवणीत म्हणाला, "आख्खो दरवाजो घेतलंय रे मी."

मी पोट धरून हसलो. कलावंत झाला म्हणून आता आवही आणायला लागला, असं वहिनींना म्हणालो. मधू हसला नाही. तो पुन्हा टीव्हीकडे बघत राहिला, मग पुढचा फोटो लावला. त्याचा तो चेहरा मी त्या दिवशी पाहिला होता. कुणी आपली उगाच थट्टा करतंय असं वाटणाऱ्या माणसाचा होता तो चेहरा. मी तेव्हा दोन प्रश्न जरी धड विचारले असते... पण माझं म्हणणं वीस वर्षांनी खरं ठरलं होतं, मला दुसरं काही दिसत नव्हतं. मीच त्यातले बारा फोटो निवडले. उजव्या फळीचा फोटो मोठा करून घेतला, चौकट करून माझ्या बैठकीत लावला, आणि येईल त्याला आमच्या मित्राची नवी दृष्टी म्हणून दाखवत राहिलो.

फेब्रुवारीत त्याची गाडी डावीकडून दोनदा घासली. चौकात आम्ही निहारी खायला गेलो तेव्हा तो डाव्या बाजूच्या एका ठेल्यावर आदळला. ठेलेवाला म्हणाला, "भैया, देख के." मीही म्हणालो, "साठी आली, चष्मा बदल." मार्चमध्ये डाव्या पायात चप्पल न घालताच तो घरातून बाहेर पडला, तेव्हा वहिनी घाबरल्या आणि आम्ही त्याला न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं. डॉक्टर तरुण होता, शांत. त्याने मधूसमोर कागद ठेवला आणि घड्याळ काढायला सांगितलं. मधूने छान गोल काढला. मग एकपासून बारापर्यंत सगळे आकडे उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीने लिहिले आणि पेन खाली ठेवलं. डावा अर्धा गोल कोरा. त्याच्या दृष्टीने घड्याळ पूर्ण झालं होतं.

मी ते घड्याळ पाहिलं आणि मला दार दिसलं.

डॉक्टरने समजावून सांगितलं. मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ आहे, त्यामुळे डावीकडचं जग त्यांच्या लेखी उरलेलं नाही. डोळे ठीक आहेत, पण डावीकडे काही आहे हेच त्यांना कळत नाही, म्हणून तक्रारही करत नाहीत. अशा वेळी घरच्यांच्याच लक्षात येतं. मग त्याने विचारलं, "पिछले चार-छह महीने में आप लोगों ने कुछ नोटिस किया था?" वहिनी गप्प राहिल्या. मी गप्प राहिलो. डॉक्टरने कागदावर काहीतरी लिहिलं. आधी कळलं असतं तर फरक पडला असता का, हे मी नंतर त्याला एकट्याला गाठून विचारलं. तो म्हणाला, "कह नहीं सकते. गाँठ छोटी होती." या दोन वाक्यांत मी गेले चार महिने येरझाऱ्या घालतोय. पहिल्या वाक्याने जरा श्वास घेता येतो, तेवढ्यात दुसरं आठवतं.

ऑपरेशन झालं, थोडे दिवस बरे गेले, मग पुन्हा हॉस्पिटल. एका दुपारी खोलीत दुसरी खुर्ची नव्हती म्हणून मी खाटेच्या डाव्या बाजूला बसलो. त्याचा हात हातात घेऊन बसलो होतो, चांगला पाऊण तास. वहिनी औषधं घेऊन आल्या तेव्हा त्याने त्यांना विचारलं, "आज जोशी येवक नाय?" मी त्याच्या हाताशी होतो. मी उठून उजवीकडे गेलो आणि त्याला म्हणालो, आत्ताच आलो रे, ट्रॅफिक होता.

तेराव्यानंतर गौरीने ठरवलं की पापांच्या फोटोंचं प्रदर्शन लखनौतच भरवायचं. पोरगी बंगळुरूची नोकरी लॅपटॉपवर उचलून आईपाशी येऊन राहिली आहे. मराठी तिला सगळं कळतं, बोलते हिंदीत. तिने निमंत्रणाचा नमुना मला पाठवला. त्यावर दाराची उजवी फळी. खाली लिहिलं होतं, फोटोंविषयी चार शब्द जोशीकाका लिहितील. फोनवर मी काहीबाही कुरकुर केली, जुन्या फोटोंतला एखादा घे, असं सुचवलं. ती म्हणाली, "काका, आपने ही तो कहा था, ये सबसे अच्छे हैं. पापा कितने खुश थे." खूश होता... मी फोन ठेवला, बैठकीतली ती चौकट उतरवली आणि कपाटामागे ढकलली. भिंतीवरचा खिळा तसाच राहिला. त्या रात्री मी ठरवलं की मुलीच्या हाताने बापाचा आजार भिंतीवर टांगू द्यायचा नाही. मग तिने मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला मी इंदिरानगरला गेलो. दोघी घरात होत्या. मी बसलोही नाही, उभ्यानेच बोलायला लागलो. टाळ्यांपासून सगळं सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला कळलं होतं आणि तरी मी तोंड उघडलं नाही, हेही सांगितलं. "वहिनी, ते फोटो म्हणजे त्याचा आजार होता. मी त्याला शाबासकी दिली." मला रडू फुटलं. इतक्या वर्षांत त्या घरात मी कधी रडलो नव्हतो.

वहिनींनी ओढणीला पडलेली सुरकुती हाताने सरळ केली. मग म्हणाल्या, "भावोजी, बसा. मलाही दिसत होतं."

गौरीने मान वर केली.

"दिवाळीनंतर हे ताटातलं डावीकडचं खाईनासे झाले. भाजी, आमटी, पोळी सगळं संपवायचे. चटणी, लोणचं, कोशिंबीर तशीच. मला वाटलं, माझ्या हाताला आता चव राहिली नाही. मी एकदा विचारलं, चटणी का नाही खाल्ली? तर म्हणाले, वाढलीसच कुठे? मला इतका राग आला... घरात समोरासमोर खोटं बोलतात म्हणून दोन दिवस बोलले नाही मी त्यांच्याशी. मग मी डावीकडे वाढणंच बंद केलं. उगाच वाया कशाला घालवायचं."

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा..." मी म्हणालो.

"हो. तेव्हा समजलं. तुम्ही गप्प होतात तेव्हा मीही गप्प होते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हॉस्पिटलात सिस्टरने शिकवलं, आधा खाना हो जाए तो थाली घुमा दीजिए. ताट फिरवलं की राहिलेलं उजवीकडे यायचं आणि हे सगळं खायचे. म्हणायचे, अगं, चटणी पण केलीस? एवढंच करायचं होतं, भावोजी. ताट फिरवायचं होतं."

"आप दोनों को दिख रहा था," गौरी म्हणाली. ती ओरडली नाही. उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तिला हाक मारण्याचं धाडस आम्हा दोघांपैकी एकालाही झालं नाही.

मी निघालो तर वहिनी म्हणाल्या, "जेवायची वेळ आहे. उपाशी कुठे जाता?" त्यांनी तीन ताटं घेतली. मीठ, लिंबू, सुक्या खोबऱ्याची चटणी, लोणचं, काकडीची कोशिंबीर, सगळं डावीकडे नीट वाढलं, मग उजवीकडची भाजी-आमटी. गौरीचं ताट झाकून ठेवलं. आम्ही दोघं समोरासमोर बसलो. मी मान खाली घालून आमटीत पोळी बुडवत होतो, भाजी खात होतो, कशीबशी. पोळी संपत आली तेव्हा वहिनींचा हात टेबलावरून आला आणि त्यांनी माझं ताट अलगद अर्धं फिरवलं.

फिरवल्यावर त्यांच्या लक्षात आलं. हात ताटाच्या कडेवर तसाच राहिला. आतल्या खोलीचं दार उघडलं होतं, गौरी तिथे उभी राहून बघत होती. चटणी माझ्या उजव्या हाताशी आली होती. मी ती सगळी खाल्ली, आणि वहिनींनी पुन्हा वाढली.