पिवळा बिल्ला आणि लेबलचं मशीन

काल्हेरचं आपलं गोदाम जिथे उभं आहे तिथे पूर्वी भाताचं शेत होतं, हे तुम्हा नातवंडांना ठाऊक आहे. आजूबाजूच्या सगळ्यांनी आपापली गोदामं भाड्याने दिली. तुमच्या मामीने, म्हणजे माझ्या सुनेने, मात्र आपलं गोदाम स्वतः चालवायला घेतलं. भावकीत तेव्हा बरीच कुजबुज झाली. एका हळदीच्या पंगतीत माझ्या मोठ्या जाऊबाईंनी मला सगळ्यांदेखत विचारलं, "सून गोदाम चालवनार, मंग पोरगा काय भाकऱ्या थापनार?"

मी म्हटलं, "थापतो की. तुमच्याकडे पाठवू?"

दुपारचं जेवण आटोपलं की मी गोदामाच्या ऑफिसात जाऊन बसते. फाटकाजवळची खिडकी माझी. फाटकाची रीत मामीने घालून दिलेली आहे. ट्रक आला की ड्रायव्हरला पिवळा बिल्ला मिळतो आणि गाडी चिंचेखाली थांबते. कागद तपासून झाले की पिवळा बिल्ला परत करून निळा घ्यायचा. निळ्यावर कुठल्या दरवाजाला गाडी लावायची त्याचा नंबर असतो, आणि तो पाहिल्याशिवाय हमाल गाडीला हात लावत नाहीत. नवे ड्रायव्हर इथे हमखास चुकतात. कागद पास झाले म्हणजे सगळं झालं असं समजून पिवळा बिल्ला खिशात घालून सावलीत झोपतात, आणि जागे झाले की भांडायला येतात.

गेल्या हिवाळ्यात मामीला शाळेच्या पुस्तकांचं काम मिळालं, तेही आधी परीक्षा म्हणून. पहिली गाडी संध्याकाळी वेळेवर निघाली तर काम आपलं, नाही तर ते मानकोलीच्या एका मोठ्या गोदामाकडे जाणार होतं. पुस्तकवाल्यांची अट होती की गोदामाच्या नेटवर्कमध्ये अनोळखी मशीन शिरता कामा नये. म्हणून ठाण्याच्या एका तंत्रज्ञाने नवी व्यवस्था बसवून दिली. प्रत्येक मशीनने आधी आपली ओळख पटवायची, मग त्याला आतल्या नेटवर्कमध्ये प्रवेश.

नेमकं पहिली गाडी निघायच्या दिवशी खोक्यांवर चिकटवायची लेबलं छापणारं मशीन गप्प झालं. मी पोहोचले तेव्हा मामी ते बंद करून पुन्हा चालू करत होती. फोन स्पीकरवर होता.

"मॅडम, ओळख पटलीय. माझ्याकडे हिरवं दिसतंय," तंत्रज्ञ म्हणाला.

"तुमच्याकडे हिरवं आहे हो, माझ्याकडे लेबल नाही," मामी म्हणाली.

हमालांचा मुकादम दारात येऊन उभा राहिला. "वैनी, खोकी भरून तयार हायत. लेबल न्हाय तर गाडी हालत न्हाय."

मामीने पुन्हा बटणाकडे हात नेला. तिचा आवाज चढला नव्हता, पण ओठ घट्ट मिटले होते. मशीनच्या छोट्या पडद्यावर त्याचा आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा आकडी पत्ता, दिसत होता. मी चष्मा लावून तो वाचला आणि मग मामीच्या कॉम्प्युटरचा पत्ता मागितला. दोन्हींची सुरुवात सारखी होती, मधला आकडा वेगळा होता.

मी फोनकडे वाकून विचारलं, "ओळख पटायच्या आधी मशीनला कुठला पत्ता देता?"

"बाहेरचा, आजी. तात्पुरता. पास झालं की आतला मिळतो."

"मिळतो, की मागावा लागतो?"

मामीने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीतून चिंचेखाली, आणि हसायलाच लागली. "आई, हा पिवळा बिल्ला खिशात घालून झोपलाय."

"आणि तू त्याला दर वेळी फाटकाबाहेर काढतेस," मी म्हटलं. बंद करून चालू केलं की मशीन पुन्हा नवखं ठरत होतं, पुन्हा बाहेरचा पत्ता घेत होतं, पुन्हा पास होऊन तोच पत्ता धरून बसत होतं. त्याला आत घेतलं होतं, पण ते त्याला कळलंच नव्हतं.

"तसंच आहे," तंत्रज्ञ म्हणाला. "मॅडम, आता बंद करू नका. मेन्यूमध्ये जाऊन नवीन पत्ता मागा."

मामीने बटणं दाबली. पडद्यावरचा आकडा गेला, नवा आला, मधला आकडा कॉम्प्युटरसारखाच. मशीन क्षणभर घुरघुरलं आणि सकाळपासून तुंबलेली लेबलं एकामागून एक बाहेर पडू लागली. मुकादमाने लेबलांची गरम पट्टी तशीच उचलली आणि पळाला.

पुढे तंत्रज्ञाने अशी सोय केली की ओळख पटल्यावर, ती न पुसता, जोडणी आपोआप क्षणभर तुटते, म्हणजे मशीन स्वतःच नवा पत्ता मागतं. पण त्या दिवशी ते मामीने आपल्या हाताने केलं, आणि उजेड असतानाच गाडी फाटकाबाहेर पडली. काम आपल्याकडे राहिलं.

मी शिकले ठाण्याच्या कॉन्व्हेंटात, आणि इंग्रजीतलं काहीही अडलं की घरात मला हाक मारतात, त्याचा मला अभिमान आहेच. पण त्या दिवशी माझी इंग्रजी कामाला आली नाही. मामीची फाटकाची रीत आली. भावकीने जिला हसून घेतलं, तिने ती रीत इतकी सरळ बसवली होती की तिच्यावरून मशीनचं दुखणंसुद्धा ओळखता आलं. पुढच्या पंगतीत हे मी जाऊबाईंना सविस्तर सांगितलं. त्यांना आयपी ॲड्रेस कळला नाही, पण सून कोणाची ते कळलं.

तुम्हाला पाठवलेल्या लोणच्याच्या डब्यावर तुमच्या नावाचं लेबल आहे ना, ते त्याच मशीनचं आहे. ते तिरकं लागलंय, कारण मामीने ते स्वतः चिकटवलं, मला चिकटवू दिलं नाही.