हिरव्या लॉरीचा विमा

ताज्या रंगाचा वास आला की मला मुरुम गावची ती म्हातारी लॉरी आठवते. विम्याचे साहेब तपासायला येणार म्हणून मालकांनी तिला हिरवा रंग फासला होता. विमा नाकारला की लॉरी बंद, अन् चौथीत शाळा सोडलेला मी, तिचा ड्रायव्हर, परत कोकणात. साहेब आले, त्यांच्यासमोर हँडल मारून मारून माझे खांदे गेले, तरी इंजिन ढिम्म. भर उन्हात मालक म्हणाले, "थंडीनं आखडलीय बगा. साहेब, जरा हात लावा की!" साहेबांनी खरंच ढकललं. "सुरू झाली, सुरू झाली!" म्हणत हरखून त्यांनी हिरव्या हातांनीच मंजुरीची सही केली. मालक म्हणाले, "बसा, स्टँडवर सोडतो." "नको हो, मी चालतच जातो," म्हणत साहेब झपाझप निघाले. त्यांच्या पाठीला मी स्टिअरिंगमागूनच हात जोडले, अजूनही जोडतो.